सत्तरीतही डेडलिफ्ट करायची आहे

नाशिकच्या सिडकोत माझं मेडिकल आहे आणि कॉलेजात असल्यापासून मी वजनं उचलते. पूर्वी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. चाळिशी उलटली तसा तो दिसू लागला. ज्या मुलांना विशीत बेंच प्रेसखाली ओरडताना पाहिलं, तीच आता खांदा धरून काउंटरसमोर उभी राहतात. कुणाची कंबर, कुणाचा गुडघा, कुणाचं कोपर. बहुतेकांची जिम सुटलेली असते. ‘आता वय झालं’ असं पंचेचाळिशीचा माणूस म्हणतो तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. वजनं उचलायची खरी गरज ज्या वयात सुरू होते, नेमकी त्याच वयात ती बंद पडलेली असतात.

मला बंद करायचं नाही. माझी आई बाथरूममध्ये घसरली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं, पण त्यानंतर ती कधी एकटीने जिना उतरली नाही. पाळी थांबली की बायकांची हाडं भराभर विरळ होतात. कॅल्शियमच्या गोळ्या मी रोज विकते, त्यांची गरजही असते, पण हाड घट्ट व्हायला त्याच्यावर भार पडावा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाने पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या शंभरएक बायकांकडून आठ महिने व्यायाम करून घेतला. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास. डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं), स्क्वॉट (पाठीवर बार घेऊन उठाबशा) आणि ओव्हरहेड प्रेस (बार डोक्यावर ढकलणं), पाच-पाच रेपचे, म्हणजे आवर्तनांचे सेट, तेही प्रत्येकीच्या कमाल ताकदीच्या 85 टक्क्यांच्या वर. जोडीला उडी मारून जमिनीवर उतरायचा एक प्रकार. या बायकांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी 2.9 टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची 1.2 टक्क्यांनी घटली. सगळं प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली झालं होतं, हे विसरून चालणार नाही. पण ते वाचलं आणि माझ्यापुरता निकाल लागला: जड उचलायचं, आणि सत्तरीपर्यंत उचलायचं. मग प्रश्न एवढाच उरतो की तोवर सांधे टिकवायचे कसे.

त्यासाठी गंगापूर रोडला एका फिजिओकडे गेले. माझ्यापेक्षा वयाने बरीच लहान, स्वतः वजनं उचलणारी. हे दुसरं मला महत्त्वाचं वाटत होतं, कारण ‘दुखतंय तर करू नका’ हा सल्ला मला कुठेही फुकट मिळाला असता. तशी तक्रार मोठी नव्हती. उजवं कोपर सकाळी आतल्या बाजूने धरलेलं असायचं आणि डावा खांदा वर नेताना कट् वाजायचा. खांद्याबद्दल ती लगेच म्हणाली, “ताई, नुसता आवाज येतो आणि दुखत नाही, ताकद कमी होत नाही, तर त्याच्या मागे लागू नका.” एमआरआय काढू का, विचारलं. तिने समजावलं की ज्यांचं काहीही दुखत नाही अशा माणसांच्या कमरेचे एमआरआय तपासले तरी विशीतल्या 37 टक्के आणि पन्नाशीतल्या 80 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसतात. हे आकडे 2015 साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आहेत. रिपोर्टमध्ये ‘झीज’ हा शब्द वाचला की माणूस वाकायलाच घाबरतो, आणि घाबरलेला माणूस जिम सोडतो. पायात मुंग्या, बधिरपणा, ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ, यांतलं काही असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका, हेही तिने तितक्याच ठासून सांगितलं.

मग तिने माझ्या व्यायामाचे व्हिडिओ मागितले. भाचीने मोबाइलवर काढून दिले. कोपर दुखतंय म्हणजे ती कर्ल किंवा पुल-अप बघेल असं मला वाटलं होतं. तिने स्क्वॉटचा व्हिडिओ लावला आणि मागून काढलेल्या एका फ्रेमवर बोट ठेवलं. मी बार पाठीवर खाली, खांद्याच्या मागच्या स्नायूंवर घेते, ज्याला लो-बार म्हणतात. तिथे बार धरायला खांदा बराच मागे फिरावा लागतो. माझा खांदा तेवढा फिरत नव्हता, म्हणून मनगट मागे मुडपलं होतं आणि बारचा काही भार पाठीऐवजी हातावर येत होता. तो सगळा कोपराच्या आतल्या बाजूला जमा व्हायचा. कोपर दुखवत होते पायांचे व्यायाम! त्याच दिवशी बार चार बोटं वर सरकवला, हात थोडे बाहेर धरले, मनगट सरळ केलं. वजन दहा किलोंनी उतरवावं लागलं.

कोपर लगेच बरं होईल अशी आशा तिने मुळीच दाखवली नाही, आणि त्याचं कारण सांगितलं ते मला आजही सगळ्यात मोलाचं वाटतं. स्नायूला भरपूर रक्त मिळतं, म्हणून तो काही आठवड्यांत ताकदवान होतो. स्नायू हाडाला जोडणारी कंडरा मात्र फार कमी रक्तावर जगते, तिला जुळवून घ्यायला महिनोनमहिने लागतात. त्यामुळे दंड तयार असतो, मन तयार असतं, बारवर प्लेटा चढतात, आणि कंडरा कुठेतरी मागेच राहिलेली असते. वर्षानुवर्षांची दुखणी या अंतरातून येतात. डेन्मार्कच्या संशोधकांनी 2013 साली टाचेच्या मोठ्या कंडरेचा गाभा तपासला. 1955 ते 63 च्या दरम्यान झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-14 वाढला होता, तो त्या काळात वाढणाऱ्या मुलांच्या शरीरात शिरला आणि तिथेच राहिला. त्यावरून असं दिसलं की कंडरेचा गाभा वयाच्या साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही. म्हणजे आज मी ज्या कंडरेने डेडलिफ्ट करते तिचा गाभा शाळकरी वयातला आहे. हे कळल्यापासून मी तिच्याशी फार आदराने वागते.

कोपरासाठी उपाय साधा निघाला. घरातला हातोडा. मांडीवर हात टेकवायचा, हातोड्याचा दांडा टोकाशी धरायचा आणि तळवा वर-खाली असा सावकाश फिरवायचा. डंबेल धरून मनगट उचलायचं आणि चार मोजत खाली सोडायचं. सुरुवातीला दुखत असेल तर न हलवता, पाऊण मिनिट नुसतं धरून ठेवायचं. विश्रांतीने कंडरा निवांत होते, बळकट होत नाही; तिला बळ येतं ते सावकाश दिलेल्या, मोजून वाढवलेल्या भाराने.

मोजायचं कसं, हा यातला कळीचा भाग. शून्य ते दहा अशी दुखण्याची पट्टी. व्यायाम करताना तीन-चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूळपदावर आलं पाहिजे. माझी सकाळची तपासणी दुकानाच्या शटरवर होते. शटर जुनं आहे, उजव्या बाजूला अडतं, वर ढकलताना कोपर आणि खांदा दोन्ही बरोबर बोलतात. शटर वर गेलं की मी वहीत आकडा टाकते: कोपर 2, खांदा 0. आदल्या दिवशी काय उचललं ते शेजारीच लिहिलेलं असतं. दोन महिने अशी वही भरली की कुठला व्यायाम कुठल्या सांध्याला महागात पडतो ते लख्ख दिसतं. माझ्या वहीत बारबेलचा बेंच प्रेस सतत खांद्याला आकडा देत होता, म्हणून तो गेला. त्याच्या जागी जमिनीवर पडून डंबेल प्रेस आला. फरशीला दंड टेकले की हात त्याच्या खाली जात नाहीत, त्यामुळे खांद्याचा पुढचा भाग ताणला जात नाही. मानेमागून प्रेस आणि बार हनुवटीपर्यंत ओढायचा अपराइट रो हे दोन्ही बंद केले. ते करून ज्यांना काही होत नाही त्यांनी जरूर करावेत; माझ्या खांद्याला ते मानवत नाहीत. आणि ढकलायचा एक सेट केला तर ओढायचे दोन, रोइंग (वजन पोटाकडे ओढणं) नाहीतर फेस पुल (दोरी चेहऱ्याकडे ओढणं), असा हिशोब ठेवला. पाठीमागचे छोटे स्नायू खांद्याचा गोळा खोबणीत नीट बसवून ठेवतात आणि आरशात ते दिसत नसल्याने त्यांना कुणी वाली नसतो.

रेपच्या बाबतीत एकच नियम ठरवला. शेवटच्या सेटलासुद्धा दोन रेप हातात राखून बार ठेवायचा. आमच्या जिममध्ये ‘अजून एक, अजून एक’ असा गजर चालतो आणि तो प्रेमापोटीच असतो. पण तो शेवटचा वेडावाकडा रेप स्नायूला जेवढं देतो त्याहून जास्त कमरेकडून घेतो. कमाल वजन काढून बघायची हौस मी वर्षातून एखाद्या वेळेवर आणली. स्नायू वाढवायला हलकं वजनही पुरतं, ते थकव्याच्या जवळ नेलं की झालं. निव्वळ ताकदीला आणि हाडाला मात्र जड लागतं. म्हणून जड वजन फक्त स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि प्रेसला ठेवलं, बाकीचं सगळं बारा-पंधरा रेपचं.

डेडलिफ्टसाठी मला षटकोनी बार हवा होता. त्याच्या आत उभं राहता येतं, वजन नडग्यांच्या पुढे न राहता शरीराच्या दोन्ही बाजूंना येतं, आणि कमरेवरचा ताण कमी होतो. शिवाय दोन्ही हात समोरासमोर राहतात. साध्या बारवर जड वजनाला एक हात उलटा धरायची पद्धत आहे. त्या उलट्या हाताच्या बायसेपची कंडरा कोपराशी तुटते, अशी उदाहरणं या खेळात पुष्कळ आहेत. नाशिकमध्ये मी विचारलं त्या जिममध्ये असा बार नव्हता. अंबड एमआयडीसीत ओळखीचे एक फॅब्रिकेटर आहेत, त्यांच्याकडे कागदावर चित्र काढून नेलं. त्यांनी चष्मा वर करून ते उलटंसुलटं पाहिलं. “मॅडम, हे नक्की धरायचं कुठून?” मग त्यांच्याच शॉपमध्ये जमिनीवर खडूने षटकोन आखला, मी मध्ये उभी राहिले, हात सोडले आणि त्यांनी माझ्या मुठींच्या जागी खुणा केल्या. किती वजन टाकणार, विचारलं. दीडशे म्हटलं. “मग जॉइंटला गसेट मारू,” म्हणाले, म्हणजे आधाराची तिकोनी पट्टी. प्लेटचं भोक 50 मिलिमीटरचं, म्हणून प्लेट अडकवायची स्लीव्ह त्याहून जराशी बारीक करून घेतली. मुठीला नर्लिंग, म्हणजे पकडीसाठी खरबरीत नक्षी, काढून दिलं, कडा इतक्या छान ग्राइंड केल्या की कुठे बोट अडकत नाही. आता तो बार जिममध्ये असतो आणि कंबर धरून बसलेली निम्मी मंडळी त्यावरच डेडलिफ्ट करतात. त्या गृहस्थांनी मजुरी घ्यायला किती आढेवेढे घेतले, ते वेगळंच.

आता मेडिकलबद्दल, कारण हे मला तळमळीने सांगायचं आहे. व्यायामाच्या आधी पेनकिलर घेऊन जाणारी मुलं मी पाहते. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक. चिठ्ठी नसेल तर मी देत नाही, मग ती पुढच्या दुकानात जातात. दुखणं ही कंडरेची एकमेव भाषा आहे. ती बंद करून तिच्यावर शंभर किलो चढवायचे, वर घाम गाळून पाणी कमी झालेलं, आणि अशा वेळी या गोळ्या किडनीवरही ताण देतात. दुसरी गोष्ट त्याहून कमी लोकांना माहीत आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिक्समुळे कंडरा सुजू शकते, क्वचित तुटूही शकते, बहुतेक वेळा टाचेची. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2008 साली या औषधांवर चौकटीतला इशारा छापायला लावला. साठीच्या पुढे आणि सोबत स्टेरॉइड चालू असेल तर धोका जास्त. आपल्याकडे जुलाब लागले की ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी स्वतःच्या मनाने घेतली जाते. डॉक्टरांनी गरज म्हणून दिली तर कोर्स पूर्ण करावा, पण आपण वजनं उचलतो हे त्यांना सांगावं, आणि त्या दिवसांत उड्या, धावणं, जड वजन बाजूला ठेवावं. टाच किंवा कुठलीही कंडरा दुखायला लागली तर लगेच डॉक्टरांना कळवावं. माझ्याकडून असा कोर्स घेणाऱ्याला मी आधी विचारते, “जिमला जाता का?”

स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दलही विचारणा होते. टेनिस एल्बोला, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्याला, ते दिलं की पहिले काही आठवडे फार बरं वाटतं. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या, वर्षभराने इंजेक्शन घेतलेल्यांची अवस्था नुसतं सलाइनचं इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा वाईट निघाली. मी माझ्या कोपराला ते घेतलं नाही. आणि चाळीस ते साठ वयाच्या बायकांनी, खांदा दुखून आखडायला लागला तर एकदा साखर तपासावी. फ्रोझन शोल्डर याच वयात जास्त होतो आणि मधुमेहींमध्ये त्याचं प्रमाण आणखी मोठं आहे. खांद्याला तेल चोळत वर्ष घालवलेल्या किती बायका मला भेटतात!

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा वॉर्म-अप मी दुप्पट लांबवते. आधी गोल्फ क्लबच्या मैदानावर भरभर चालणं, मग रिकामा बार, मग टप्प्याटप्प्याने वजन. पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला मला आवडतं, पण जड स्क्वॉटच्या दुसऱ्या दिवशी मी तिकडे जात नाही. चढताना काही वाटत नाही. उतरताना मांडीचा स्नायू ताणत-ताणत भार सोसतो आणि गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा दमते.

पंचवटीतल्या एका तालमीत मुद्गल, म्हणजे व्यायामाचा जड लाकडी सोटा, फिरवणारे एक आजोबा होते, सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्याकडून मी हलकं मुद्गल पाठीमागून खांद्यावर घ्यायला शिकले. पहिल्या दिवशी मी जोर लावायला गेले तर म्हणाले, “बाई, हाताने उचलू नका, त्याचं तेच फिरतं. तुम्ही फक्त वाट द्या.” हे वाट देणं जमायला बरेच दिवस गेले. खांदा सगळ्या दिशांना, भार असताना आणि घाई नसताना फिरतो, असं मुद्गलाइतकं माझ्या यंत्रांवर कुठे मिळालं नाही. तालमींत ती अजून कोपऱ्यात उभी असतात; तरुणांनी ती हातात घ्यावीत असं मनापासून वाटतं.

आमच्या जिमच्या भिंतीवर रॉनी कोलमनचं पोस्टर आहे. 1998 ते 2005 सलग आठ वेळा मिस्टर ऑलिंपिया हा शरीरसौष्ठवाचा किताब. 800 पौंडांचा, म्हणजे सुमारे 363 किलोंचा स्क्वॉट दोनदा मारणारा माणूस, आणि नंतर पाठीच्या अनेक शस्त्रक्रिया, दोन्ही खुबे बदललेले, कुबड्या. त्याच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. त्याने जे मिळवलं त्याची किंमत समजून दिली. पण त्याच भिंतीवर मी मनोहर ऐच यांचा फोटो लावून घेतला. कोलकात्याचे, पाच फुटांहूनही कमी उंची, 1952 साली मिस्टर युनिव्हर्स, आणि 2016 साली गेले तेव्हा वय 104. दोघांना शेजारी पाहिलं की नवीन मुलं विचारतात, हे कोण? मग बोलणं सुरू होतं.

हलके आठवडे मी दुकानाच्या पंचांगावर बसवले आहेत. पावसाळ्यात तापाची साथ आली की रात्री उशिरापर्यंत उभं राहावं लागतं, झोप तुटते. तेव्हा वजन निम्म्यावर. गणपतीत हलकं, दिवाळीत हलकं. त्यांच्यामधल्या काळात दर पाच-सहा आठवड्यांनी एक आठवडा हलका येतोच. न झोपलेल्या शरीराला जड वजन दिलं की वहीतले आकडे चढतात, हे मला माझ्याच वहीने दाखवलं.

कोपर आता शटरला बहुतेक सकाळी शून्य सांगतं. स्क्वॉटमधून उतरवलेले दहा किलो परत आले, वर थोडे वाढलेही. खांदा अजून कट् वाजतो. यंदा पहिल्यांदा डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करून घेतली, कमरेच्या मणक्यांची घनता माझ्या वयाला चांगली आहे. दोन वर्षांनी पुन्हा करेन.

दुकानात येणाऱ्या दोघीजणी आता माझ्यासोबत जिमला येतात. दोघी पन्नाशीच्या पुढच्या, एकीला बीपी आहे म्हणून तिच्या डॉक्टरांना आधी विचारून घेतलं आणि श्वास रोखून उचलायचं नाही हे तिला पहिल्याच दिवशी शिकवलं. सुरुवात खुर्चीवरून उठण्या-बसण्याने, मग पाच किलोंचं डंबेल छातीशी धरून. दोघींना वही घेऊन दिली आहे. दर सोमवारी दोघींतली एक विचारते, “आता वाढवू का गं?” आणि मी म्हणते, आधी सकाळचा आकडा दाखव.